सावित्रीच्या पुरातली रबरी बोट

महाबळेश्वरच्या पठारावर पडलेला पाऊस दोन बाजूंना वाटला जातो. पूर्वेकडचं काही पाणी कोयनेतून शिवसागर जलाशयात उतरतं. तिथे तापोळ्याला आणि बामणोलीला फायबरच्या बोटी कुटुंबांना घेऊन हिंडतात, वासोट्याच्या पायथ्यापर्यंत सोडतात. रुंद तळ, कडेने बाकं, वर छप्पर, मागे मशीन. पश्चिमेकडचं पाणी मात्र कड्यांवरून थेट पोलादपूर तालुक्यात कोसळतं आणि सावित्री होऊन महाडकडे धावतं. या बाजूला बोटीची खरी निकड भासते ती भर पावसाळ्यात, आणि ती बोट वेगळ्या जातीची लागते: हवेने फुगवायची, घडी घालून जीपमध्ये टाकता येणारी रबरी बोट. महाडकरांनी गेल्या काही वर्षांत ती इतक्या वेळा पाहिली आहे, की तिच्याकडे एकदा यंत्र म्हणून नीट पाहायला हवं.

महाड हे मुळात बंदराचं गाव. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर गलबतं आत यायची, मोठ्या बोटी दासगावला थांबायच्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाड सत्याग्रहाच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि २५ तारखेला दासगाव बंदरात उतरले, तेव्हा महाडला जाण्याची ती सरळ वाट होती. पुढे रस्ता आला, मग कोकण रेल्वे आली, खाडी गाळाने भरत गेली. पाण्याची वाट सुटली, पण पाणी होतं तिथेच राहिलं.

महाडच्या पुराचं गणित समजल्याशिवाय बोटीचं समजत नाही. वरून सावित्री, रायगडाच्या बाजूने येऊन गावाशीच मिळणारी गांधारी आणि तिसरी काळ, अशा तीन नद्यांचं पाणी एका खोलगटात जमतं. निघायला वाट एकच, बाणकोटची खाडी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती त्या वाटेत आडवी उभी राहते. गाळ आहेच, शिवाय दासगावच्या खाडीतला रेल्वेचा भराव पाणी तुंबवतो ही महाडकरांची जुनी तक्रार. २२ जुलै २०२१ आणि त्यानंतरच्या रात्री हे सगळं एकत्र आलं. चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पौर्णिमा २४ तारखेची, म्हणजे उधाण चढतं. बाजारपेठेतल्या दुकानांवरून पाणी गेलं, माणसं वरच्या मजल्यांवर अडकली. २२ तारखेलाच महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली.

मदत तातडीने का पोहोचली नाही, याचं उत्तर नकाशावर आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. तिथून महाडला यायचं तर वरंधा घाट, नाहीतर ताम्हिणी ओलांडून माणगावमार्गे दासगाव. दक्षिणेकडून यायचं तर कशेडी, महाबळेश्वरकडून आंबेनळी. ज्या पावसाने महाड बुडतं त्याच पावसाने घाटात दरडी येतात आणि दासगावच्या बाजूला महामार्ग पाण्याखाली जातो. पथकं निघाली आणि वाटेत अडली. म्हणून बोट कितीही उत्तम असली तरी ती घाटापलीकडे असेल, तर महाडच्या दृष्टीने ती नाही.

आता ती बोट. साधारण चार ते पावणेपाच मीटर लांब, आठ-दहा माणसं नेणारी. दोन्ही अंगांना हवेच्या जाड नळ्या, त्यांच्यात आतून पडदे घालून केलेले वेगवेगळे कप्पे. पत्र्याच्या कडेने एक कप्पा फाटला तरी बाकीचे बोट वर ठेवतात. खाली अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा प्लायवूडच्या फळ्या आणि त्यांच्याखाली हवेचाच कणा, त्यामुळे तळाला थोडा कोन येतो. मागे पक्की फळी, तिच्यावर मशीन. नळ्यांमधला दाब ऐकून नवख्याला नवल वाटतं, कारण तो जेमतेम तीन पौंड भरतो, मोटारीच्या टायरच्या एक दशांश. मोठ्या नळीला एवढ्या दाबाने पुरेसा ताठरपणा येतो, आणि कमी दाबामुळेच ती भिंतीवर आपटली की दबते, फुटत नाही. फायबरची बोट बुडालेल्या कुंपणाच्या खांबावर आपटली तर तडा जातो. गल्लीत हा फरक मोठा.

ही कल्पना फ्रान्समधली. झोडियाक कंपनी आधी हवाई जहाजांचे फुगे करायची, १९३०च्या दशकात ती हवेच्या बोटींकडे वळली. अशी बोट मोठ्या पाण्यात टिकते यावर लोकांचा विश्वास बसायला १९५२ साल उजाडलं. त्या वर्षी आलँ बोंबार हा फ्रेंच डॉक्टर जेमतेम साडेचार मीटरच्या रबरी बोटीतून, शिडाच्या आधाराने, अटलांटिक ओलांडून बार्बाडोसला पोहोचला.

मशीन बहुधा चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचं, दोन माणसांनी उचलून लावायचं. दोन-तीन जण असले की बोट नाक वर करून पाण्यावर आडवी पसरते आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे पळते. दहा माणसं भरली की ती उठत नाही, पाणी नांगरत जाते. उलट्या धारेत मशीनच्या वेगातून धारेचा वेग वजा करायचा आणि उरेल तेवढाच आपला. धारेचा वेग दुप्पट झाला की तिचा रेटा चौपट होतो. म्हणून आडव्या धारेत बोट बाजूने देणं जिवावर बेततं. नाळ धारेकडे तिरकी ठेवून सरकत पलीकडे जायचं असतं. हे हाताला कळावं लागतं, आणि पुराच्या दिवशी शिकायला वेळ नसतो.

खोलीबद्दल मोठा गैरसमज आहे. रबरी बोट वीतभर पाण्यात तरंगते हे खरं, पण मशीनचा पाय तळाखाली उतरलेला असतो आणि पंख्याला दोन-अडीच फूट पाणी लागतंच. बाजारपेठेच्या एका टोकाला डोक्यावर आणि दुसऱ्या टोकाला गुडघ्याएवढं पाणी असेल, तर वाटेत मशीन उचलून वल्हं किंवा दोरी हाती घ्यावी लागते. शिवाय पुराचं पाणी नदीचं नसतं, गावाचं असतं. त्यात ओढण्या, प्लास्टिक, केबलच्या तारा, भाताचा पेंढा असतो. पंख्याला काहीही गुंडाळतं. मशीनला थंड ठेवणारं पाणी ज्या जाळीतून आत जातं ती चिखलाने बसते. म्हणून चालवणाऱ्याची एक नजर सतत मशीनच्या बाजूने पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर हवी. ती थांबली की मशीन लगेच बंद करायचं, नाहीतर ते जळतं. मनगटाला बांधलेली लाल दोरीही अशीच: चालवणारा पाण्यात पडला की ती सुटते, मशीन थांबतं, पंखा कुणाच्या अंगावर जात नाही.

या बोटीच्या मर्यादाही सावित्रीनेच दाखवल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यानचा ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल, सगळे आले. पण गढूळ, फिरत्या धारेत बोट एका जागी धरून ठेवणं हेच मोठं काम होतं. शेवटी क्रेनला लोहचुंबक बांधून तळ चाचपावा लागला आणि गाड्या हाती लागायला कित्येक दिवस गेले. पोलादपुरात तर बोट चालतच नाही. तिथे सावित्री अजून डोंगरातली, दगडांवरून उड्या घेणारी. तिथली भीती दरडीची, आणि तिथे हवेत ते दोर, कुदळी आणि आधी हललेली माणसं. पण पोलादपूरचा पाऊस हे महाडच्या बोटीचं घड्याळ आहे. वरचा आकडा वेळेत खाली आला, तर बोट कोरड्या जमिनीवर फुगवून, मशीन लावून तयार ठेवता येते. पाणी दारात आल्यावर फुगवायला घेतलेली बोट तासभर मागे असते.

वापरलेली बोट घ्यायची असेल, मग ती ग्रामपंचायतीला असो, मंडळाला असो किंवा खाडीकाठच्या एखाद्या कुटुंबाला, तर ती घडी केलेल्या अवस्थेत कधीही घेऊ नये. सकाळी पूर्ण फुगवावी, झडपा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहावेत, मग तशीच दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवावी. संध्याकाळी थोडी सैल लागली तर घाबरू नये, थंड हवा आक्रसते. त्याच वेळच्या हवेत दुसऱ्या दिवशी ती तेवढीच ताठ हवी. कापड हायपॅलॉनचं की पीव्हीसीचं ते विचारावं. हायपॅलॉन उन्हात वर्षानुवर्षं टिकतं, पीव्हीसी चिकट होऊ लागलं की त्याचे दिवस भरले. मागची फळी नळ्यांना जिथे चिकटवलेली असते तिथे नख लावून पाहावं, कारण मशीनचा सगळा धक्का त्याच जोडावर येतो. फळी ठोकून पाहावी, भद्द आवाज आला तर आत पाणी मुरलेलं. मशीनच्या गिअरचं तेल काढून पाहावं: दुधासारखं झालं असेल तर सील गेलं. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं हवं. बोट कमी वापरलेली आहे, हे ऐकून भुलू नये. टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होतं, पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी पाती कोरडी राहून कडक होतात. पडून राहिलेलं मशीन चाललेल्या मशीनपेक्षा लवकर दगा देतं.

माझा आग्रह इथेच आहे. २०२१ नंतर सावित्रीतला गाळ काढण्याचं काम झालं, पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी महाडला मुक्कामाला असते, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण एका तुकडीला एका वेळी सगळ्या आळ्या गाठता येत नाहीत. दासगाव, बिरवाडी, महाडची पेठ, प्रत्येक ठिकाणी एक बोट आणि तिला ओळखणारी चार माणसं हवीत. माणसं जवळच आहेत. खाडीकाठच्या मच्छीमारांना भरती-ओहोटी आणि गाळाचे उंचवटे तोंडपाठ असतात. कोलाडला कुंडलिकेवर राफ्ट चालवणारी पोरं भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्यात रोज धार वाचतात. त्यांना मे महिन्यात बोलवावं, खाडीत माणसांनी भरलेल्या बोटींवर सराव द्यावा, त्याचं मानधन द्यावं. पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येक मशीन पाण्यात चालवावं, पेट्रोल बदलावं, नळ्या फुगवून ठेवाव्यात आणि वहीत तारीख घालून सही करावी. वर्षभर बोट फिरती ठेवायची म्हणून हिवाळ्यात सावित्रीतल्या मगरी आणि पक्षी दाखवायला तीच वापरली, तर त्यालाही माझी हरकत नाही. मशीन चालतं राहील, आणि चालवणाऱ्याला नदीचं प्रत्येक वळण माहीत होईल.