पायथनच्या दप्तराचे स्थलांतर

शाळकरी विद्यार्थ्यांपासून खगोलशास्त्रज्ञांपर्यंत असंख्य लोक आज ज्या पायथन भाषेच्या आधारे संगणकाकडून काम करून घेतात, तिच्या मूळ कोडचे दप्तर आपला मुक्काम वारंवार बदलत आले आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असेल. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या पद्धती बदलत २००५ साली ते सीव्हीएसमधून सबव्हर्जनमध्ये, २०११ साली तेथून मर्क्युरिअलमध्ये गेले आणि १० फेब्रुवारी २०१७ रोजी गिटच्या पद्धतीत रूपांतरित होऊन गिटहब या खाजगी कंपनीच्या संगणकांवर रुजू झाले.

या शेवटच्या स्थलांतराची निकड रास्त होती. तोवर कोणी बाहेरच्या माणसाने एखादी दुरुस्ती सुचवली, तर ती एका फाइलच्या रूपाने तक्रारीच्या नोंदीला जोडली जाई, आणि अधिकार असलेल्या मोजक्या सभासदांपैकी कोणी सवड काढून ती उतरवून घेऊन, पडताळून, स्वहस्ते दप्तरी दाखल करीपर्यंत तशीच पडून राही. गिटलॅब आणि गिटहब या दोन पर्यायांपैकी पहिल्याचा गाभा खुल्या कोडचा असूनही दुसरा पसंत झाला, कारण सभासदांचा त्याच्याशी आधीच परिचय होता. पायथनचे एक प्रमुख विकसक ब्रेट कॅनन यांनी हा निर्णय १ जानेवारी २०१६ रोजी जाहीर केला.

गिटमधील प्रत्येक नोंदीचा मजकूर, कर्ता, तारीख, संदेश आणि आदल्या नोंदीची मुद्रा या सर्वांवर एसएचए-१ नामक गणिती क्रिया करून त्या नोंदीची चाळीस अक्षरांची मुद्रा, म्हणजेच हॅश, सिद्ध होते. त्यामुळे १९९० सालच्या एखाद्या नोंदीतील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी तिच्यापुढील साऱ्या मुद्रा बदलतात. खाडाखोड उघडकीस आणणारा हा उत्तम गुण स्थलांतराच्या वेळी मात्र अडचणीचा ठरतो. गिटमधून गिटमध्ये जाताना मुद्रा अबाधित राहतात, पण मर्क्युरिअलची मांडणीच निराळी असल्याने प्रत्येक नोंदीला नवी मुद्रा मिळाली, आणि जुन्या चर्चांत उद्धृत केलेल्या मुद्रांचा नव्या दप्तराशी थेट मेळ राहिला नाही. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक जुनेच राहावेत आणि तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत मात्र ते नव्याने घातले जावेत, तशी ही अवस्था होय.

तरीही कोडची चिंता फारशी नसते, कारण गिट व मर्क्युरिअल या दोन्ही पद्धतींत दप्तराची प्रत घेणाऱ्या सभासदाच्या संगणकावर सामान्यतः संपूर्ण इतिहास उतरलेला असतो, आणि मूळ ठिकाण उद्या नाहीसे झाले तरी अशा एका प्रतीवरून दप्तर पुन्हा उभारता येते. चर्चेचे तसे नाही. अमुक दुरुस्ती का स्वीकारली आणि तमुक का नाकारली, हा सारा विचारविनिमय ज्या संस्थेच्या संगणकावर झाला तेथेच राहतो. आणि माझ्या मते हाच ठेवा अधिक मोलाचा, कारण कोड काय करतो हे कोड वाचून कळते, तो तसाच का लिहिला गेला हे मात्र पुष्कळदा त्या चर्चेवाचून कळत नाही. पायथनच्या मंडळींनी तो हलवण्याची घाई केली नाही. पुढील पाच वर्षे तक्रारी जुन्याच राउंडअप नोंदवहीत राहिल्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्या गिटहबवर नेल्या तेव्हा तेथे दुरुस्त्या व तक्रारी यांची क्रमांकमालिका एकच असल्यामुळे त्यांना नवे क्रमांक द्यावे लागले.

म्हणूनच आपला कोड परक्या जागी ठेवणाऱ्या प्रत्येक समूहाने, मग तो कितीही लहान असो, चर्चांचीही प्रत वेळोवेळी उतरवून आपल्याजवळ ठेवावी. पायथनचीही जुनी नोंदवही अशीच जपून वाचनापुरती खुली ठेवण्यात आली, आणि स्थलांतरित नोंदींवर नव्या जागेचा दुवा देण्यात आला.