सोंग घ्या, पण तोतया होऊ नका!

चॅटरूममध्ये राजा व्हा, राक्षस व्हा, नाहीतर पोर्तुगीज गोलंदाज व्हा. फक्त कीबोर्डच्या पलीकडे माणूस बसलाय, एवढं लक्षात ठेवा. ऑनलाइन रोलप्लेच्या दुनियेतले नियम आणि मॅनर्स.

विरार लोकलमध्ये कसं वागायचं, हे कुठे लिहून ठेवलंय? कुठेच नाही. तरी रोजच्या माणसाला सगळं पाठ असतं. दरवाज्यात कुणी उभं राहायचं, चौथ्या सीटवर किती टेकायचं, कुणाची बॅग रॅकवर चढवून द्यायची आणि ‘कुठे उतरणार?’ हे नेमकं कधी विचारायचं. बोरिवलीला उतरायचं म्हणून विरार गाडीत घुसलेला नवखा माणूस हे नियम पाच मिनिटांत शिकतो, तेही लोकांची बोलणी खाऊन!

याच डब्यात मान खाली घालून टाइप करणारी मंडळी असतात. बहुतेक जण ऑफिसच्या ग्रुपवर ‘ओके सर’ पाठवत असतात. एखादा मात्र त्या अर्ध्या तासापुरता अकाउंट्समधला ज्युनिअर नसतो. तो असतो जादूगार, हेर, नाहीतर हजार वर्षं जगलेलं भूत. त्याच्या गोष्टीतली राजकन्या कदाचित पुण्याच्या एखाद्या आयटी कंपनीत असते. याला म्हणतात चॅट रोलप्ले. इथेही लोकलसारखेच नियम आहेत, पण एक मोठा फरक आहे. लोकलमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला, तर समोरचा चेहरा दिसतो. इथे दिसत नाही. म्हणून तर नियम जास्त कडक!

हा प्रकार आहे तरी काय?

सोपं आहे. दोन किंवा जास्त लोक मिळून, टाइप करत एक गोष्ट रचतात. प्रत्येकाचं एक पात्र. आधी एकाने लिहायचं, मग दुसऱ्याने. स्क्रिप्ट नाही, दिग्दर्शक नाही, रिहर्सल तर नाहीच.

याचं मूळ पार सत्तरच्या दशकात आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, नुसत्या शब्दांचा कॉम्प्युटर गेम बनवायला घेतला. १९८८ मध्ये फिनलंडच्या यार्को ओइकारिनेनने आयआरसी ही चॅटची यंत्रणा तयार केली. तिथे ‘स्लॅश मी’ अशी कमांड होती. ती देऊन ‘दार उघडतो’ लिहिलं की स्क्रीनवर ‘अमुक दार उघडतो’ असं दिसायचं. झालं, नाटक सुरू! आज हीच मंडळी २०१५ मध्ये आलेल्या डिस्कॉर्डवर भेटतात.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. मग आला सायबर कॅफेचा जमाना आणि याहू चॅट. आमच्या ताई-दादांच्या पिढीला ‘एएसएल प्लीज?’ विचारलं तर अजून हसू फुटतं. एएसएल म्हणजे वय, लिंग, ठिकाण. विरारचा दादा ठिकाण बिनधास्त ‘मुंबई’ ठोकून द्यायचा. वयही सोयीचं, फोटो तर मित्राचा! डिसेंबर २०१२ मध्ये याहूच्या त्या सार्वजनिक रूम्स बंद झाल्या. आता गंमत बघा. तिथेही लोक दुसरं कुणीतरी बनत होतेच. मग तो रोलप्ले का नव्हे?

सोंग वेगळं, तोतया वेगळा

उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. विरारहून वर जव्हार-मोखाड्याकडे गेलात, तर तिथे आदिवासी गावांत बोहाडा होतो. संबळ-सनईच्या तालावर देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून माणसं नाचतात. त्याला सोंग म्हणतात. मुखवट्यामागे आपल्याच गावातला माणूस आहे, हे बघणाऱ्याला माहीत असतं. तरी तेवढ्या वेळापुरता तो देव असतो. सोंग असं दोघांच्या संमतीने होतं, घेणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या.

आता दुसरं टोक. १७६१ ला पानिपतात सदाशिवराव भाऊ पडले. पुढे ‘मीच भाऊसाहेब’ म्हणत एक जण उभा राहिला. त्याने लोक गोळा केले, बंड केलं आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. तो तोतया. इथे खरं काय ते फक्त एकालाच माहीत असतं.

रोलप्लेचा अख्खा फंडा या दोन शब्दांत आहे. दोघांना ठाऊक असेल तर सोंग, एकालाच ठाऊक असेल तर तोतयेगिरी. आणि तोतयेगिरी आजही महागात पडते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार कॉम्प्युटर किंवा मोबाइलच्या आधारे दुसरं कुणी असल्याचं भासवून फसवणूक केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

चला, वसईच्या किल्ल्यात!

नियम नुसते सांगून कळत नाहीत. म्हणून समजा, आपली गोष्ट १७३९ मध्ये घडतेय. चिमाजी अप्पांच्या फौजेचा वसईला वेढा पडलाय. तुम्ही मराठा बारगीर आहात, समोरची खेळाडू तटावरचा पोर्तुगीज गोलंदाज झाली आहे. तुम्ही लिहिता:

*तो तटावर उडी घेतो आणि गोलंदाजाचं मुंडकं उडवतो.*

आउट! याला म्हणतात गॉडमोडिंग, म्हणजे स्वतःच देव होणं. वार करणं तुमच्या हातात आहे, तो लागला की नाही हे समोरची ठरवणार. बरोबर वाक्य असं:

*तो तटावर उडी घेतो आणि गोलंदाजाच्या मानेच्या रोखाने वार करतो.*

आता ती वाकेल, जखमी होईल किंवा ढाल पुढे करेल. तिचं पात्र, तिची मर्जी.

दुसरा नियम मेटागेमिंगचा. मे १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती आला, हे आपण शाळेत शिकलोय. तुमच्या बारगिराला ते ठाऊक नाही. सुरुंग उडेल की नाही, या काळजीने त्याला रात्री झोप लागता कामा नये. खेळाडूला माहीत असलेली गोष्ट पात्राच्या तोंडी घालायची नाही.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. पात्र बोलतं ते ‘आयसी’, म्हणजे इन कॅरेक्टर. तुम्ही स्वतः बोलता ते ‘ओओसी’, आउट ऑफ कॅरेक्टर. ते दुहेरी कंसात टाकायची पद्धत आहे:

((नालासोपारा आलं, उतरतोय. पुढचं रात्री लिहितो.))

किती साधी गोष्ट! पण न सांगता गायब झालात, तर समोरची बिचारी तलवार उगारून ताटकळत उभी राहते. कंस म्हणजे मुखवटा क्षणभर वर करून ‘मी आहे हं’ असं सांगणं. मला विचाराल तर हा या खेळातला सर्वांत सुसंस्कृत शोध आहे.

याच कंसात आणखी एक काम होतं. ((हा सीन मला नको)) एवढं म्हटलं की सीन थांबतो. कारण विचारायचं नाही, मनधरणी करायची नाही, ‘अरे, गोष्टच तर आहे’ असं तर अजिबात म्हणायचं नाही.

‘गोष्टच तर आहे’?

हे वाक्य किती फसवं आहे, ते १९९३ मध्ये कळलं. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी सुरू केलेलं ‘लॅम्डामू’ नावाचं शब्दांचं एक जग होतं. एका रात्री तिथे ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने एक छोटा प्रोग्रॅम वापरून इतर पात्रांचा ताबा घेतला आणि त्यांच्या नावाने अत्यंत किळसवाणी लैंगिक कृत्यं सगळ्यांसमोर लिहिली. नाव त्यांचं, शब्द याचे. गॉडमोडिंगचं हे सर्वांत भीषण रूप!

कुणाच्या अंगाला बोटही लागलं नव्हतं. तरी त्यातल्या एका पात्रामागची सिअ‍ॅटलची स्त्री त्याविषयी लिहिताना खरोखर रडली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी डिसेंबर १९९३ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये ही हकिगत छापली, आणि ती आजही वाचली जाते. तिथल्या रहिवाशांची सभा झाली, तासन्‌तास वाद झाला, एकमत झालंच नाही. शेवटी एका अ‍ॅडमिनने बंगलचं खातं उडवलं. मग कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. म्हणजे सोंगांच्या गावालाही ग्रामपंचायत लागली!

जिथे असा पहारा नसतो, तिथे काय होतं? मुलांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित रूम्सवरून ओरड झाल्यावर याहूने जून २००५ मध्ये लोकांनी स्वतः उघडलेल्या रूम्स बंद केल्या. अनोळखी माणसांना जोडून देणारं ‘ओमेगल’ २००९ मध्ये सुरू झालं आणि गैरवापराच्या आरोपांनंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद पडलं. म्हणून चांगल्या रोलप्ले ग्रुपमध्ये शिरताना अ‍ॅडमिनने आधी वय विचारलं, तर नाक मुरडू नका. पात्र हजार वर्षांचं चालेल, खेळाडूचं वय मात्र खरं हवं. अल्पवयीन मुलांसोबत रोमान्सचा सीन नाही म्हणजे नाहीच.

आणि दिलाचं काय?

तुमच्या सरदाराला तिच्या राणीने होकार दिला. छान! पण तो होकार सरदाराला आहे, तुम्हाला नाही. पात्राच्या भावना खेळाडूत झिरपतात, त्याला या दुनियेत ‘ब्लीड’ म्हणतात. हे कुणालाही होऊ शकतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त लगेच नंबर मागायचा नाही, इन्स्टावर शोधत जायचं नाही. दोन दिवस ब्रेक घ्या, कंसात मोकळेपणाने बोला. आणि तिने ‘नाही’ म्हटलं, तर राणीच्या होकाराचा दाखला देऊ नका.

ट्राय करण्याआधी

• आधी ग्रुपचे नियम वाचा. एक-दोन दिवस नुसतं वाचत बसलात तरी कुणी काही म्हणत नाही.
• पात्राला एखादी तरी कमजोरी द्या. कधीच न हरणाऱ्या हिरोबरोबर कुणाला खेळायला मजा येत नाही.
• समोरच्याने आठ ओळी लिहिल्या, तर ‘हम्म’ एवढंच उत्तर देऊ नका.
• खरं नाव, ऑफिस, घरचा पत्ता आणि रोजची लोकल गोष्टीबाहेर ठेवा.
• पैसे किंवा फोटो मागितले की गोष्ट संपली. स्क्रीनशॉट काढा, अ‍ॅडमिनला कळवा. फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० आहेच.

दिवसभर बॉससमोर ‘येस सर’, घरी शहाणं बाळ, सोसायटीत सभ्य भाडेकरू. सोंगं तर आपण सगळेच घेतो, तीही न विचारता. चॅटरूममध्ये निदान आधी विचारायची पद्धत आहे. बिनधास्त घ्या सोंग. राक्षस झालात तरी हरकत नाही, फक्त समोरच्याला आधी सांगा आणि ती थांब म्हणाली की थांबा!