गेमच्या कॉम्प्युटरला रॅम किती घ्यावी?

व्यापारी आणि कारागीर मंडळींच्या घरांत हल्ली एक मागणी ठरलेली असते. मुलगा बारावीला गेला की त्याला कॉम्प्युटर हवा असतो. तोही तयार नको, सुटे भाग आणून घरी जोडलेला आणि गेम चालणारा हवा. वडिलांना कापडाचा पोत चिमटीत धरताच कळतो, पण रॅमची पट्टी हातात दिली तर उलटी कुठली नि सुलटी कुठली हेही समजत नाही. मग दुकानदार सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो.

आम्हीही असाच एक आकडा मान्य केला होता. पुतण्या कॉम्प्युटर जोडत होता. एका दुकानात सर्व्हरमधून काढलेली ३२ जीबीची रॅम नव्या १६ जीबीपेक्षा स्वस्त मिळाली. ‘‘चाचा, दुप्पट माल कमी पैशात!’’ म्हणून तो खूश झाला आणि पैसे आम्ही मोजले. पट्टी खाचेत नीट बसली, पण मशीन काही सुरू होईना. सर्व्हरची ती रॅम वेगळ्या जातीची असते आणि घरगुती बोर्डावर चालत नाही, हे नंतर कळले. बिल घेतले नव्हते, त्यामुळे माल परत गेला नाही. ज्या धंद्यात तीस वर्षे आम्ही इतरांना ‘माल पाहून घ्या’ म्हणत आलो, तिथे आम्हीच न पाहता घेतला. त्यानंतर या विषयाची नीट चौकशी केली. ती वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे मांडत आहोत.

रॅम म्हणजे दुकानाची गादी

कापडाच्या दुकानाचे उदाहरण घ्या. मागे गोदाम असते आणि पुढे गादी. गिऱ्हाईक आले की हमाल गोदामातून ठाण आणतो, ते गादीवर उलगडले जाते आणि सौदा तेथेच होतो. कॉम्प्युटरमध्ये एसएसडी किंवा हार्ड डिस्क हे गोदाम, रॅम ही गादी आणि प्रोसेसर हा गादीवर बसलेला सेल्समन. गेम सुरू झाला की त्याचा माल गोदामातून उचलून गादीवर मांडला जातो.

गादी लहान असेल तर काय होते? दुसरे ठाण उलगडायला पहिले घडी करून आत पाठवावे लागते, आणि गिऱ्हाइकाने तेच पुन्हा मागितले की हमालाची पुन्हा फेरी. रॅम अपुरी पडली की विंडोज हेच करते. काही माल डिस्कवर पाठवते आणि लागला की परत आणते. डिस्क कितीही चांगली असली तरी रॅमपेक्षा फार मंद असते. त्यामुळे गेम मध्येच अडखळतो आणि चित्र गोठते.

पण गादी गरजेपेक्षा मोठी केली म्हणून विक्री वाढत नाही. सर्व ठाणे मांडूनही निम्मी गादी रिकामी असेल, तर त्या रिकाम्या जागेचा उपयोग शून्य. रॅमचेही तसेच आहे. कमी पडली तर नुकसान दिसते, पुरेशी झाल्यावर जास्तीची नुसती पडून राहते. सगळा हिशेब या एका गोष्टीवर आहे.

आकड्यांचा हिशेब

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी सांगितली आहे, पण ती मशीन चालू होण्यापुरती. विंडोज, ब्राउझर आणि मित्रांशी बोलण्याचे सॉफ्टवेअर एवढ्यातच बरीच जागा जाते. गेमला उरते ते त्यानंतर.

८ जीबी : व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमला पुरते. जीटीए ५ हा गेम कॉम्प्युटरवर २०१५ साली आला, त्या आवृत्तीला ४ जीबी किमान आणि ८ जीबी शिफारस होती. जुने मशीन चालवायचे असेल तर ठीक, पण नवे जोडताना ८ वर थांबू नये.

१६ जीबी : बहुतेक घरांसाठी हाच योग्य आकडा आहे. सायबरपंक २०७७ या भारी गेमच्या कंपनीने २०२३ मध्ये मागणी वाढवली, तेव्हाही किमान १२ आणि शिफारस १६ जीबीचीच होती.

३२ जीबी : नवे मोठे गेम, सोबत ब्राउझरची दहा-वीस पाने, शिवाय खेळाचे रेकॉर्डिंग, असे सगळे एकाच वेळी चालवायचे असेल तर घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या विमानाच्या गेमला (फ्लाइट सिम्युलेटर) किमान १६ आणि शिफारस ३२ जीबी आहे.

६४ जीबी : त्याच विमानाच्या गेमसाठी कंपनी हा आकडा ‘आदर्श’ म्हणून देते. एरवी मोठे व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्री-डीचे काम करणाऱ्यांसाठी. केवळ खेळण्यासाठी हा खर्च करू नये.

आमच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. अनेक घरांत हेच मशीन दिवसा कामाला लागते. कोणी साडीच्या बॉर्डरचे डिझाइन काढतो, कोणी भरतकामाच्या मशीनसाठी नक्षी तयार करतो. फोटोशॉपसाठी कंपनी ८ जीबी किमान आणि १६ जीबी शिफारस सांगते. मोठ्या आकाराची, अनेक थरांची डिझाइने रोज उघडावी लागत असतील तर ३२ जीबीचा पैसा कामातून वसूल होतो. टॅलीत बिले काढण्यासाठी मात्र एवढी काही गरज नाही.

अंदाज करू नका, मोजा

घरात किंवा मित्राकडे मशीन असेल तर गेम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी पाहावी. अर्धा तास खेळल्यावर १६ पैकी ११-१२ जीबी वापरात असेल तर काही अडचण नाही. १५ च्या वर जाऊन मशीन अडखळत असेल तर मात्र वाढवावी. एक ध्यानात ठेवावे, ज्या मशीनमध्ये रॅम जास्त असते तेथे वापरही थोडा जास्त दिसतो, कारण जागा मोकळी असेल तर माल जास्त मांडला जातो. म्हणून ३२ जीबीच्या मशीनवर १८ जीबी दिसली, याचा अर्थ १६ मध्ये तो गेम चालणारच नाही असा नव्हे.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी ही वेगळी बाब आहे. कार्डावर ८ जीबी लिहिलेली असते ती त्या कार्डाची स्वतःची, तिची बेरीज रॅममध्ये करू नये. उलट, वेगळे कार्ड न घेता प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच काम भागवायचे असेल, तर ते आपला वाटा रॅममधूनच घेते. अशा वेळी ८ जीबी हमखास तोकडी पडते.

पट्टी घेताना

पहिले म्हणजे जात. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. एएमडीच्या एएम-५ बोर्डांवर फक्त डीडीआर-५ चालते. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून काही बोर्ड चारचे, काही पाचचे आहेत. म्हणून आधी बोर्ड ठरवावा, मग रॅम. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तीही येथे चालत नाही. सर्व्हरच्या पट्टीची गोष्ट वर सांगितलीच आहे.

दुसरे म्हणजे जोडी. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. दुकानाला दोन दरवाजे असले की मालाची ये-जा जलद होते, तसाच हा प्रकार आहे. चार खाचा असतील तर कुठल्या दोन वापरायच्या हे बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावे. पुढे ३२ करायची हे पक्के असेल तर सुरुवातीलाच १६-१६ ची जोडी घेणे बरे. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही, आणि डीडीआर-५ च्या चार पट्ट्या लावल्या की बहुधा वेग उतरतो.

तिसरे म्हणजे वेग. खोक्यावर ६००० लिहिले असले तरी नवी पट्टी आपोआप त्या वेगाने चालत नाही. बोर्डाच्या बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो ही सोय चालू करावी लागते. अनेक मुले वेगाचे पैसे देतात आणि हे बटण दाबायचे राहून जाते.

चौथे म्हणजे तपासणी. मेमटेस्ट८६ हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावे. एकही चूक दाखवली तर पट्टी बदलून घ्यावी. जीएसटीचे पक्के बिल आणि पट्टीवरचा नंबर जपून ठेवावा. बिलाशिवाय वॉरंटीचे नुसते नाव असते.

भावाची गोष्ट

रॅमचा भाव सुताच्या भावासारखा हलतो. जगात ही चीज मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की कंपन्यांनी आपला माल तिकडे वळवला. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत घरगुती रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. सूत गिरण्यांना बाहेरचा मोठा खरेदीदार मिळाला की यंत्रमागवाल्याच्या वाट्याला काय येते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून भाव चढा असताना ‘पुढे लागेल’ म्हणून दुप्पट रॅम भरणे हा तोट्याचा सौदा आहे. तेच पैसे ग्राफिक्स कार्डात घातले तर गेममध्ये फरक लगेच दिसतो. चांगला पॉवर सप्लाय घेतला तर बाकीचे भाग सुरक्षित राहतात. यांतून पैसे काढून रॅमचा आकडा फुगवणे म्हणजे गादीवर मखमल घालून गोदामात माल न ठेवण्यासारखे आहे.

आमच्या पुतण्याने शेवटी ८-८ ची जोडी घेतली. तो खेळतो आणि दुपारी आमच्या दुकानाच्या साड्यांचे फोटोही त्यावरच तयार करतो. अजून त्याची तक्रार आलेली नाही. ती सर्व्हरची पट्टी मात्र आम्ही गल्ल्यात ठेवली आहे. कोणी ‘दुप्पट माल कमी पैशात’ म्हणत आला की ती एकदा काढून पाहतो.