‘परवानगी द्या’ म्हणण्यापूर्वी

गेल्या महिन्यात पंच्याहत्तरीतले एक निवृत्त शिक्षक तपासणीस आले. रक्तदाबाची नेहमीची वही आणली नव्हती. हाती मोबाइल होता. “डॉक्टर, आता कॅमेऱ्यावर बोट ठेवले की रक्तदाब कळतो,” म्हणत त्यांनी आकडा दाखवला : 124/80. दंडाला पट्टा बांधून मी मोजला, तो 168/96 भरला. कॅमेऱ्यातून नाडीचे ठोके मोजता येतात. पण अशा ॲपच्या रक्तदाबावर विसंबून गोळ्या कमी-जास्त करू नयेत.

मला अधिक खटकले ते निराळेच. त्या ॲपला संपर्कयादी, संदेश आणि ठिकाण पाहण्याची मुभा दिलेली होती. “काका, हे सारे कशाला दिलेत?”

“नाही म्हटले तर पुढेच जाईना!”

हा भोळेपणा म्हातारपणाचा नव्हे. 2005 साली कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या संशोधकांनी 31 संगणक वापरणाऱ्यांचा अभ्यास केला. माहिती गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात सूचना दिली की लोकांना ती अधिक उपयोगी वाटे. तरीही वस्तू उपयोगी वाटली की अनेकदा ते ती घेतच. आपण नेमके काय मान्य केले हे नंतर सांगितल्यावर मात्र अनेकांना पश्चात्ताप झाला. सारख्याच उपयोगाची दोन सॉफ्टवेअर समोर असली, तरच खासगीपणाचे पारडे जड होई. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रावर तरी आपल्यापैकी कितीजण वाचून सही करतात?

म्हणून घेण्याआधी विचारावे : या कामाला ही मुभा लागते का? नाडी मोजायला कॅमेरा लागेल, संदेश कशाला? बँकेचा ओटीपी अनेकदा संदेशातून येतो, आणि संदेश वाचण्याची मुभा असलेल्या ॲपला तोही वाचता येतो. मुभा नाकारताच ॲप अडून बसले, तर दुसरे शोधावे किंवा वहीच बरी. आधी दिलेली मुभा सेटिंग्जमधील ‘परवानग्या’ या भागात जाऊन काढून घेता येते. घरच्यांनी हे शेजारी बसून, ज्येष्ठांच्याच बोटाने करवून घ्यावे. फोन हिसकावून घेतला की पुढच्या वेळी ते विचारतच नाहीत.

आम्ही तसेच केले आणि शेवटी ते ॲपही काढून टाकले. काकांनी विचारले, “गेलेली यादी आता परत येईल का?” मी नाही म्हणालो. त्या यादीत माझ्या घरचाही क्रमांक होता.