वाहिनी गेली, कर्ज उरले

तोट्यातील सार्वजनिक संस्था बंद करणे म्हणजे काटकसर, हा युक्तिवाद ऐकताक्षणी पटतो. स्पेनमधील व्हॅलेन्सिया या स्वायत्त प्रदेशाने २०१३ साली तो अमलात आणला. त्या व्यवहाराचा ताळेबंद तपासून पाहण्यासारखा आहे.

फ्रँकोच्या राजवटीत व्हॅलेन्सियाच्या भाषेला शाळा-कचेऱ्यांत स्थान नव्हते. १९७५ साली फ्रँको मरण पावला, १९८२ साली प्रदेशाला स्वायत्तता मिळाली आणि १९८४ च्या कायद्याने प्रादेशिक नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्था स्थापन झाली. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी, प्रदेशाच्या उत्सवदिनी, 'कनाल नोऊ' वाहिनी सुरू झाली. 'नोऊ' म्हणजे नऊ, तसेच नवे. घरात बोलली जाणारी भाषा आता बातम्यांतून ऐकू येऊ लागली.

परंतु ज्यांच्या हाती सत्ता, त्यांच्याच हाती वाहिनी, असा प्रकार लवकरच झाला. नोकरभरती वाढत जाऊन कर्मचारी सुमारे १,७०० झाले, तर कर्ज १०० कोटी युरोंच्या पलीकडे गेले. विश्वासाचे दिवाळे त्याआधीच वाजले होते. ३ जुलै २००६ रोजी भुयारी रेल्वेच्या अपघातात ४३ माणसे मृत्यू पावली. त्यांच्या आप्तांच्या आक्रोशाकडे वाहिनीने पाठ फिरवली. ज्या प्रेक्षकांसाठी ती निघाली, तेच तिला दुरावले.

सरकारने हजारावर कर्मचाऱ्यांना कमी केले. न्यायालयाने ही कपात रद्द ठरवताच, त्याच दिवशी, ५ नोव्हेंबर २०१३ रोजी, अध्यक्ष आल्बेर्तो फाब्रा यांनी वाहिनीच बंद करण्याचे जाहीर केले. वाहिनीसाठी शाळा-रुग्णालये बंद करणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अखेरच्या दिवसांत, वरचा अंकुश सुटल्यावर, कर्मचाऱ्यांनी त्याच अपघातग्रस्तांच्या आप्तांना पडद्यावर स्थान दिले. २९ नोव्हेंबरला पडदा काळा झाला.

मग वाचले काय? वाहिनी संपली म्हणून कर्ज फिटले नाही. ते जनतेच्याच माथी राहिले. कर्मचाऱ्यांची भरपाई द्यावी लागली. स्थानिक भाषेत कार्यक्रम निर्माण करणाऱ्यांचा, भाषांतर करून आवाज देणाऱ्यांचा रोजगार बुडाला. आणि २०१८ साली 'आ पुंट' नावाची नवी सार्वजनिक वाहिनी पुन्हा उभारावी लागली.

शाळा की वाहिनी, हा पर्यायच मुळात फसवा होता. तोटा सार्वजनिक मालकीने नव्हे, तर सार्वजनिक जबाबदारीच्या अभावाने झाला होता. रोग कारभाराचा होता. बळी मात्र संस्थेचा गेला.