सात वाजले, स्क्रीन बंद!

दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटर, घरी आलं की पुन्हा तोच! आणि मुलांना मात्र ‘बंद कर’ म्हणायचं?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये सोपा उपाय काढला. संध्याकाळी सातला भोंगा, की साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद, मोठ्यांचेसुद्धा. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावत होते. त्याच वर्षी येरमाळ्याच्या धाराशिव जिल्ह्यातही, जकेकूरवाडीत, असाच भोंगा वाजू लागला.

फ्लॅटमध्ये भोंगा कुठून आणणार? विंडोजमध्ये मुलांच्या अकाउंटला वेळेची मर्यादा घालता येते. पण आई-बाबांचा लॅपटॉप उघडाच राहिला, तर मुलं कशाला ऐकतील? तेव्हा घरातल्या सगळ्यांसाठी एकच वेळ ठरवा. बंद करण्याचा पहिला मान अर्थातच तुमचा!