खारबांध कोण राखणार?

ईदचा चांद दिसतो ते दिवस खाडीला उधाणाचे असतात. किनाऱ्यावरच्या घरांत हे वेगळे सांगावे लागत नाही. भरती-ओहोटी चांद्र तारखांनी चालते, त्यामुळे हिजरी महिन्याच्या पहिल्या दोन-तीन तारखा आणि पुन्हा चौदा ते सोळा या तारखांना पाणी सर्वांत वर चढते. मधल्या आठ-नऊ तारखेला भांग, म्हणजे पाणी मंद. बकरी ईद येते ती भांग सरता सरता. आपल्या आजोबांना भिंतीवरची दिनदर्शिका बघून खारबांधाची काळजी करावी लागत नसे. चांद बघितला की पुरे.

खारबांध म्हणजे खाडीच्या कडेने घातलेला मातीचा लांबलचक बांध. त्याच्या आत भाताची शेते, बाहेर खारे पाणी. पेण-अलिबागच्या खारेपाटापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांपर्यंत हजारो एकर शेती या एका बांधाच्या भरवशावर उभी आहे. खाडीतलाच चिकट चिखल कापून तो घालतात आणि पाण्याच्या बाजूला दगड लावतात. पण बांधाचा खरा जीव उघाडीत असतो.

उघाडी म्हणजे बांधातून आरपार जाणारे दार. त्याची झडप बाहेरच्या बाजूला उघडते. भरती आली की खाडीचे पाणीच झडपेला दाबून बंद करते आणि खारे पाणी आत शिरत नाही. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर पडते. ना विजेची गरज, ना माणसाची. मात्र झडपेत एखादा ओंडका अडकला, फळी कुजली, किंवा बाहेरच्या बाजूला गाळ साचला की सगळे उलटते. भरतीला खारे पाणी आत येते आणि ओहोटीला पावसाचे पाणी आतच तुंबून राहते. अतिवृष्टी आणि उधाण एकाच दिवशी आले तर धड असलेली उघाडीसुद्धा काही तास बंदच राहणार, हेही लक्षात ठेवावे. खाडीकाठच्या शहरांत पूर चढतो त्यामागेही हा हिशेब असतो: वरून नदी येते आणि खालून भरती तिला वाट देत नाही.

बांध एका रात्रीत फुटल्यासारखा दिसतो, पण तो बरेच दिवस आधीपासून फुटत असतो. खेकड्यांची बिळे आरपार होतात, त्यातून पाणी झिरपते, झिरपणाऱ्या पाण्याबरोबर माती जाते आणि मग एखाद्या उधाणात खांड पडते. वेळेवर बघितले तर खेकड्याचे बीळ दोन घमेली चिखलाने बुजते. खांड पडल्यावर मात्र रोज दोन भरत्या तिच्यातून ये-जा करतात आणि प्रत्येक भरती तिला आणखी रुंद करते. शेतात मीठ मुरते. बांध दुरुस्त झाला तरी ते मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात, आणि जवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होते ते वेगळेच. खार सोसणारी भाताची वाणे आहेत. राता हे जुने लाल भात आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल-१, २, ३ ही नावे शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. पण रोज भरतीखाली जाणाऱ्या जमिनीत कोणतेच भात पिकत नाही.

खांड वर्षानुवर्षे तशीच राहिली तर त्या शेतात खारफुटी उगवते. बांधाच्या बाहेर हीच खारफुटी आपली मित्र. लाटांचा मार ती आधी झेलते. आत आली की मात्र गोष्ट बदलते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडण्यावर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. आदेश योग्यच आहे. किनारा वाचायचा तर खारफुटी हवी. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे आणि जमिनीवर तिवरांचे रान उभे आहे, त्याला ती जमीन परत कसायला मिळणे फार अवघड होते.

मग बांध बघायचा कोणी? पूर्वी बाहेरचा मोठा बांध जमीनदाराने आणि आतले लहान बांध कुळांनी राखावेत, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी होती. कूळकायद्यानंतर जमीन कसणाऱ्याची झाली, पण मोठा बांध उचलायची ताकद एकट्या-दुकट्याकडे नव्हती. म्हणून १९४८ चा खारजमीन कायदा आला आणि पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा. आज काही योजना शासकीय आहेत, काही खाजगी. शासकीय असेल तर दुरुस्ती खारभूमी विभागाकडे मागता येते. खाजगी बांधाचा भार मालकांवरच पडतो.

आपल्या घरांची अडचण इथेच आहे. सातबाऱ्यावर वारसांची वीस-पंचवीस नावे. त्यातले काही मुंबईत, काही कुवेत-दुबईत, काही बहिणी सासरी. शेत दुसऱ्याला कसायला दिलेले किंवा पडीक. बांध मात्र सलग असतो. एकाच्या हद्दीतली खांड सगळ्यांच्या शेतात पाणी आणते, मग शेजाऱ्याने कितीही राबून आपला तुकडा राखला तरी उपयोग नसतो.

दगडी बंधारा घाला म्हणजे काम कायमचे झाले, असे गावच्या बैठकीत कोणीतरी म्हणतेच. उघड्या समुद्रावर दगडी धूपप्रतिबंधक बंधारा लागतो, पण रत्नागिरीच्या मिऱ्याचा बंधारा किती वेळा ढासळला ते सर्वांनी पाहिले आहे. लाट भिंतीवर आपटून परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंत संपते तिथून पुढचा किनारा जास्त झिजतो. दगडालाही राखण लागतेच.

मे महिन्यात सुट्टीवर गावी आलात तर एका ओहोटीला बांधावरून टोकापर्यंत चालून या. बिळे कुठे आहेत, उघाडीची झडप हलते का, बाहेर गाळ किती साचला आहे, हे तासाभरात कळते. आपला बांध शासकीय योजनेत आहे की खाजगी, हे तलाठ्याकडे किंवा खारभूमीच्या कार्यालयात विचारा. शासकीय असेल तर फोटो आणि गट नंबरासह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वारसांनी एका जाणत्या माणसाला अधिकारपत्र करून दिले तर दर वेळी सह्यांसाठी दुबईला फोन करावा लागणार नाही. हे सारे पावसाळ्याच्या पहिल्या उधाणाआधी व्हायला हवे. त्या उधाणाची तारीख चांद सांगेलच.